‘जाते’ म्हणायचं नाही

डॉक्टर म्हणाल्या, “आय अ‍ॅम सॉरी मानसी, इट्स लिम्फोमा,” आणि मी म्हटलं, “नो वरीज.”

शप्पथ सांगते, अगदी असंच म्हटलं. अकरा वर्षं मेलबर्नमध्ये काढली की तोंडाला वळणच पडतं. कॉफीवाला साखर विसरला, नो वरीज. ट्रेन कॅन्सल झाली, नो वरीज. कॅन्सर झालाय, नो वरीज! माझा नवरा श्रीरंग शेजारीच बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं, आणि मी पर्समधून पेन काढून पुढच्या अपॉइंटमेंटची तारीख लिहून घ्यायला लागले.

पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसलो आणि दोघंही हसत सुटलो. “नो वरीज काय, नो वरीज!” म्हणत हसता हसता श्रीरंग रडायला लागला. पंधरा वर्षांच्या संसारात मी या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं. मी खरी घाबरले ती तेव्हा, डॉक्टरांसमोर नाही.

गाठ सापडली होती गणपतीत. टार्निटच्या, म्हणजे मेलबर्नमधल्या आमच्या उपनगराच्या, कम्युनिटी हॉलमध्ये आरतीच्या आधी माझी ठुशी मागून बांधताना मैत्रीण म्हणाली, “अगं, मानेला हे काय?” त्यानंतर दीड महिन्यात माझी रवानगी केमोच्या वॉर्डात. सहा केमो, दर तीन आठवड्यांनी मंगळवारी एक. आता आमच्या ग्रुपमधल्या बायका विचारतात, कसं निभावलंस गं? काय खायचं, काय नाही, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा बाई. मी सांगणार आहे ती एका गावाची गोष्ट. त्या गावात मी कधी पाऊल ठेवलेलं नाही आणि ठेवेन की नाही ठाऊक नाही, पण माझे सहाच्या सहा केमो झाले ते त्या गावामुळे.

*

पहिल्या मंगळवारी मला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. जोडी नावाची नर्स दर वेळी नाव आणि जन्मतारीख विचारायची, मग गरम केलेलं पांघरूण आणून घालायची. ते पांघरूण म्हणजे सुख होतं हो. मग सुई, मग सलाईन, मग पाच-सहा तास बसून राहायचं.

शेजारच्या खुर्चीत एक धिप्पाड म्हातारा होता. हाताला सलाईन, मांडीवर टॅब, आणि डोळे टॅबला चिकटलेले. मधेच मूठ आवळायचा, मधेच स्वतःशीच काहीतरी पुटपुटायचा. मला वाटलं, क्रिकेटची मॅच बघतोय. मेलबर्नमध्ये दुसरं काय वाटणार? गप्प बसवेना म्हणून मी विचारलं, “हूज विनिंग?”

त्याने मान वर केली. म्हणाला, “नदी अजून आमच्याकडे आहे.”

मॅच नव्हती. युद्ध होतं.

त्याचं नाव पेत्रो. आयुष्यभर इथे वेल्डिंग केलेलं, बायको वारलेली, मूलबाळ नाही. जन्म युक्रेनच्या एका छोट्या गावातला. गावापासून सरहद्द पाच किलोमीटर, आणि त्या आठवड्यात पलीकडचं सैन्य सरहद्द ओलांडून गावात शिरलं होतं. गावाच्या मधून नदी जाते. उत्तरेला कारखाना आणि बाजार, दक्षिणेला शाळा आणि जुनी घरं. त्यातल्या एका घराच्या तळघरात पेत्रोची थोरली बहीण हालिना बसलेली होती. वय एकाहत्तर, शाळेत स्वयंपाकीण होती, आणि गाव सोडायला साफ नकार. जवळचं म्हणावं असं जगात पेत्रोला ती एकटीच. गावाचं नाव मी लिहीत नाही, त्यानेच नको म्हणून सांगितलंय.

मी तर मेले लाजून. पण पेत्रोलाच माझा प्रश्न आवडला म्हणे. “सगळे मला सॉरी म्हणतात,” तो म्हणाला. “कोण जिंकतंय, हे तू पहिल्यांदा विचारलंस.” वयाने माझ्या वडिलांएवढा, पण इथे सगळा कारभार पहिल्या नावाने. त्यामुळे मनातल्या मनातसुद्धा तो ‘तो’च झाला.

संध्याकाळी माझी सुई निघाली तेव्हा त्याचा एक तास बाकी होता. औषधांनी डोकं जड झालेलं. उठताना मी त्याला हसून म्हटलं, “ओके पेत्रो, आय अ‍ॅम कमिंग.”

आणि घरी गेले.

तीन आठवड्यांनी गेले तर हा रागावलेला. “त्या दिवशी मी तुझी वाट बघत बसलो! बॅग उचलून तुझी खुर्ची मोकळी ठेवली. माझं बिस्किट ठेवलं तुझ्यासाठी. जोडीला म्हटलं, थांब, ती येते म्हणालीय.”

मला आधी काही कळेचना. मग ट्यूब पेटली, आणि मी इतकी हसले की सलाईनचं मशीन ओरडायला लागलं. मी मराठीतलं ‘येते’ उचलून त्याला इंग्रजीत दिलं होतं! मग त्याला समजावलं. आमच्यात निघताना ‘जाते’ कधी म्हणत नाहीत. ‘येते’ म्हणायचं. चुकून ‘जाते’ निघालं तर आई दारातून परत आत बोलावते, पाणी प्यायला लावते, आणि मग ‘येते’ म्हणवून सोडते.

“म्हणजे जायच्या वेळी येते म्हणता,” पेत्रो म्हणाला. “आणि आलात की?”

“आले की ‘आले’ म्हणते.”

“विचित्र लोक आहात,” असं म्हणून त्याने बॅगेतून बिस्किट काढून दिलं. तीन आठवड्यांपूर्वीचंच होतं, मला खात्री आहे.

*

दुसऱ्या केमोपर्यंत माझे केस गेले होते आणि गावाचा उत्तर भाग गेला होता.

केमोबरोबर पाच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या असायच्या. ज्यांनी घेतल्यात त्यांना माहितीये, माणूस नुसता पेटतो. झोप नाही, तोंड बंद नाही. एकदा मी अख्खी पॅन्ट्री खाली काढून डाळींना लेबलं लावली. बाकीची सगळी ताकद जायची गावावर. कुठली गल्ली कुणाकडे आहे हे मला पाठ झालं. परदेशी नावं लक्षात राहीनात म्हणून मी अख्खं गाव टार्निटवर बसवलं. नदी म्हणजे आपली रेल्वे लाइन. लाइनच्या पलीकडे शत्रू. अलीकडे शाळा, म्हणजे आपली प्रायमरी स्कूल. हालिनाचं घर म्हणजे आपलंच घर.

“श्रीरंग, पलीकडचा तेवढा कारखाना पडला नाही अजून!” मी स्वयंपाकघरातून ओरडायचे. “तळमजल्यावर ते, वरच्या मजल्यावर आपले! विचार कर, एकाच बिल्डिंगमध्ये!”

‘आपले’ हा शब्द कधी तोंडात बसला ते कळलंच नाही.

श्रीरंगने बरेच दिवस ऐकून घेतलं आणि एका रविवारी त्याचा तोल गेला. हातातली कढई सिंकमध्ये आदळून म्हणाला, “तुला स्वतःचं दुखणं कमी पडतंय का? गेले चार दिवस मी विचारतोय, ब्लड रिपोर्टचं काय झालं. तू मला कारखान्याचे मजले सांगतेस!”

“माझ्या रिपोर्टमध्ये मला काही करता येत नाही,” मी म्हटलं.

“आणि तिथे येतं?”

दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. आजारात माणसं जवळ येतात म्हणतात. येतात, पण आधी एकमेकांच्या अंगावर येतात, हेही लिहून ठेवते.

आमची लेक रेवा तेरा वर्षांची. तिने माझ्याकडे बघणंच सोडलं होतं. मैत्रिणी घरी यायच्या असल्या की खोलीतूनच आवाज द्यायची, “आई, कॅन यू प्लीज वेअर द बीनी?” मी टोपी घालायचे. मनाला लागायचं, पण घालायचे. एका आर्वोला, म्हणजे दुपारी, मी सॅटेलाइटचा नकाशा उघडून हालिनाचं घर शोधत होते. पेत्रोने खूण दिली होती, हिरवं छप्पर, मागे अक्रोडाचं झाड. मला काही सापडेना. रेवा पाणी प्यायला आली, मागे थांबली, आणि म्हणाली, “यू आर ऑन द राँग साइड ऑफ द रिव्हर.” मग माझ्या हातातून लॅपटॉप घेतला आणि दहा मिनिटांत किंचाळली, “फाउंड इट! ग्रीन रूफ! आई, लुक, द ट्री!”

आम्ही दोघी एका खुर्चीत दाटीवाटीने बसून ते छप्पर बघत होतो. तिचा गाल माझ्या टकलाला लागला होता आणि तिने तो काढून घेतला नाही. मी मुद्दाम हलले नाही.

*

तिसरा केमो झाला आणि नवव्या दिवशी ताप आला. चार दिवस हॉस्पिटलमध्ये. तोंडात फोड, पाणी गिळवत नव्हतं. तिथल्या एका नर्सने लिंबाच्या आइसी पोलचा, म्हणजे आइसकांडीचा, तुकडा चमच्याने भरवला, त्या चवीसाठी मी तिला जन्मभर दुवा देईन. पण आतून काहीतरी तुटलं होतं. अजून तीन केमो? छे. पुरे झालं. चौथ्या मंगळवारी मी वॉर्डात गेले ती जोडीला सांगायलाच, की मी थांबतेय.

श्रीरंग रेवाला शाळेत सोडून मागून येणार होता. त्याला मी काही बोलले नव्हते. जोडीने ऐकून घेतलं. “तुझा निर्णय आहे,” ती म्हणाली. “डॉक्टर दुपारी येतायत, त्यांच्याशी बोल. तोवर बस.” मी बसले. सुई नाही, पांघरूण नाही. श्रीरंग आला, त्याला सगळं कळलं, आणि तो माझ्यासमोर स्टूलवर नुसता बसून राहिला. तो भांडला असता तर बरं झालं असतं.

शेजारी पेत्रोची वेगळीच लढाई चालली होती. फोन कानाला आणि चेहरा लालबुंद. आमच्याकडे दुपारचे दोन, म्हणजे तिकडे पहाटेचे पाच. सहा वाजता स्वयंसेवकांची एक गाडी शाळेपाशी येणार होती. बहुतेक शेवटचीच. गावातून बाहेर पडायचा रस्ता आता ड्रोनच्या माऱ्यात आला होता. आणि हालिना म्हणत होती, येत नाही.

तळघरात रेंज नसायची म्हणून ती वर दाराच्या पायरीवर येऊन बोलायची. पेत्रोने फोन स्पीकरवर टाकला. मागे धाडधाड आवाज येत होते आणि त्यात एका म्हातारीचा खणखणीत चिडका सूर.

“काय म्हणतायत त्या?” मी विचारलं.

पेत्रोने कपाळावर हात मारला. “म्हणते, शेजारणी गेल्या त्या दाराला मिठी मारून ‘माफ कर’ म्हणत गेल्या. आमच्याकडे कायमचं जाताना तसं म्हणतात. ही म्हणते, मी घराची माफी का मागू? मी काय केलंय? घराचा निरोप घेतला की घर मेलं. मी घेणार नाही.”

अंगात त्राण नव्हतं, पण मी ताडकन उठले. “पेत्रो, दे तो फोन! त्यांना सांग, निरोप घ्यायचाच नाही. ‘येते’ म्हणायचं!”

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग एकदम त्याच्या लक्षात आलं आणि तो भराभरा बोलायला लागला. मी सांगत होते, तो तिला सांगत होता. सांग त्यांना, माझ्या भाषेत घराबाहेर पडताना कुणी जाते म्हणत नाही. सांग, अकरा वर्षांपूर्वी मी पुण्याच्या घरातून निघाले तेव्हा हातात एकाच बाजूचं तिकीट होतं आणि आईला म्हणाले होते, येते. सांग, मी आजही टार्निटच्या घराचं दार लावताना रिकाम्या घराला म्हणते, येते.

पलीकडे फक्त धाड, धाड. मग हालिनाने काहीतरी विचारलं.

“ती विचारते, आणि येता आलं नाही तर? खोटं नाही का ठरणार?”

“ते वचन नाहीये हो,” मी म्हटलं. “ती फक्त निघायची पद्धत आहे.”

मग ती बरंच काही बोलली आणि पेत्रो माझी नजर चुकवायला लागला.

“काय झालं? काय म्हणाल्या?”

“ती विचारते, ही बाई कोण. मी सांगितलं, शेजारच्या खुर्चीतली. खुर्ची सोडून चाललीय ती. तर म्हणते...” तो घुटमळला. “म्हणते, वा! स्वतः पळतेय आणि मला शहाणपण शिकवतेय.”

काय लागलं म्हणून सांगू! कानशिलं तापली. तिकडे बॉम्ब पडतायत आणि ही बाई मला टोमणा मारतेय! बरं, टोमणा खोटा असता तर सोडून दिला असता. श्रीरंग स्टूलवरून माझ्याकडे बघत होता.

“सांग तिला,” मी म्हटलं. “तू गाडीत बस. मी सुई टोचून घेते. आत्ता, या मिनिटाला. कबूल?”

पेत्रोने सांगितलं. उत्तर आलं एका शब्दाचं. मग तिने विचारलं, तो शब्द कसा म्हणायचा?

“येते,” मी फोनमध्ये ओरडले. “ये-ते!”

“एते,” हालिना म्हणाली, आणि लाइन कट झाली.

मी बसले आणि हात पुढे केला. जोडी आधीपासूनच मागे उभी होती. नाव, जन्मतारीख. श्रीरंगने गरम पांघरूण आणून माझ्या पायांवर घातलं.

मग सुरू झालं वाट बघणं. अडीच वाजले. तीन वाजले, गाडीची वेळ झाली. पेत्रोचा फोन गप्प. सव्वातीन. जोडी उगाचच आमच्या मशीनची बटणं तपासायला येत होती. समोरच्या खुर्चीतल्या बाईंनी विणकाम थांबवलं. साडेतीन झाले. श्रीरंग, ज्याला कारखान्याचे मजले नको होते, तो पेत्रोच्या खुर्चीमागे उभा राहून विचारत होता, “शाळेपासून मुख्य रस्ता किती लांब? वळण आहे का?”

चारला दहा कमी असताना फोन वाजला. व्हॉइस मेसेज. इंजिनचा आवाज, बायकांचं बोलणं, आणि कुणाच्या तरी शेळीचं ओरडणं. त्यात हालिना. पेत्रो ऐकत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

“गाडीत आहे,” तो म्हणाला. “रस्ता संपला. बाहेर पडली! म्हणते, घराला ‘एते’ म्हणाले. झाडालाही म्हणाले. आणि विचारते, त्या बाईने सुई टोचून घेतली का?”

अख्ख्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या हो! अर्ध्या लोकांना कशासाठी ते ठाऊकही नव्हतं. मी सलाईनचा हात उंच केला आणि पेत्रोने त्याचा फोटो काढून तिला पाठवला. श्रीरंग कॉरिडॉरमध्ये निघून गेला आणि दहा मिनिटांनी लाल डोळ्यांनी सगळ्यांसाठी आइसी पोल घेऊन आला.

*

पाचवा केमो वाईट गेला, पण गेला. हालिना आतल्या बाजूच्या एका शहरात चुलत बहिणीकडे राहायला लागली आणि चुलत बहिणीच्या स्वयंपाकाला नावं ठेवायला लागली, तेव्हा पेत्रो म्हणाला, आता ती नक्की जगेल.

गाव पडलं नाही. माझ्या सहाव्या मंगळवारपर्यंत तरी नाही. नदीच्या दक्षिणेचा भाग आपल्या लोकांनी धरून ठेवला. रेवाने सॅटेलाइटच्या नव्या चित्रात घर शोधलं. हिरवं छप्पर अर्धं उडालंय. अक्रोडाचं झाड आहे. तिने ते मोठं करून, प्रिंट काढून माझ्या हातात दिलं, पेत्रोसाठी.

त्या दिवशी माझा रिपोर्टही आला होता. स्वच्छ! डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी किंचाळले, आणि या वेळी ‘नो वरीज’ श्रीरंग म्हणाला.

पेत्रोची बातमी वेगळी होती. त्याला विचारल्याशिवाय राहवलं नाही. “माझं संपणार नाही,” त्याने सांगितलं. “औषध लागू पडतंय तोवर चालू ठेवायचं. मग बघू.” प्रिंट त्याने छातीच्या खिशात घडी घालून ठेवली. खूप वेळ आम्ही दोघं खिडकीबाहेर ट्रॅमकडे बघत बसलो.

संध्याकाळी जोडीने शेवटची सुई काढली. मी बॅग घेतली, सगळ्यांना मिठ्या मारल्या, दारापर्यंत पोचले, वळले, आणि सवयीने तोंड उघडलं, “ये...”

“नो!” पेत्रो खुर्चीतून गरजला. “इथे नाही! या जागेला ते म्हणायचं नाही!”

खरंच की. अख्ख्या जन्मात जो शब्द तोंडातून काढायची बंदी होती, तो इथे म्हणायलाच हवा होता. मी परत आत गेले. खिडकीजवळच्या त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं, “जाते!”

माझी आई ऐकती तर थोबाडीत मारती. जोडीला शब्द कळला नाही, पण ती रडली.

मग मी पेत्रोकडे वळले. तो सलाईन लावलेला हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत होता. मी काय म्हणणार, याची वाट बघत होता.

“पेत्रो,” मी म्हटलं, “येते.”

त्याने मान डोलावली. मी उठल्यावर शेजारच्या खुर्चीवर ठेवलेली आपली बॅग वाकून उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली.

तीन आठवड्यांनी मंगळवारी मी टार्निटहून ट्रेनने गेले. हाताला सलाईन नव्हतं, डब्यात थालीपीठ होतं. खुर्ची मोकळी होती आणि तिच्यावर एक बिस्किट ठेवलेलं होतं.

“आले,” मी म्हटलं.